बेंदूर कोणता, ते कुणी विचारलं का?

वाचकाचा प्रश्न

निपाणी भागातल्या एका वाचक मुलीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख लपवून त्याचा गोषवारा असा. वय सव्वीस, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दोन वर्षांपासून बेळगावातल्या एका माता-बाल आरोग्य संशोधनात डेटाचं काम करते. चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागातल्या गरोदर बायकांची माहिती टॅबवर भरून येते. ती साफ करून तक्ते काढायचे आणि परदेशातल्या भागीदारांना पाठवायचे, हे तिचं काम. शेवटच्या पाळीच्या तारखा बघताना तिला दिसलं की जून-जुलैतल्या ठरावीक दिवसांवर नोंदींचे ढीग पडलेत. आशाचं काम करणाऱ्या मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाया 'बेंदराच्या आसपास' म्हणतात, मग आम्ही कॅलेंडर बघून तारीख टाकतो." (बेंदूर म्हणजे आपल्याकडचा बैलांचा सण.) दुसरं म्हणजे, तंबाखूच्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांचं उत्तर 'नाही'. आणि सकाळी ओसरीवर तंबाखूची मिश्री लावत बसणाऱ्या बाया तर ती लहानपणापासून बघत आली आहे. हे तिनं वरिष्ठांच्या कानावर घातलं. "गावगप्पा म्हणजे पुरावा नव्हे, तुम्ही कोड लिहा," असं उत्तर मिळालं. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, बेंगळूरला डेटा सायन्सचा वर्षाचा कोर्स. त्यासाठी वडील कर्ज काढायला तयार आहेत. दुसरी, धारवाडला मानवशास्त्रात एम.ए.; त्याला घरातून विरोध. ती विचारते, "दोन्ही शिकले तर धड ना इकडची ना तिकडची अशी होईन का? आणि मला दिसतंय ते मी कुणाला, कसं सांगू?"

सल्ला

तुमच्या पत्रात कर्ज, कोर्स, वडील, वरिष्ठ असं बरंच आहे. पण आधी मावशींच्या त्या एका वाक्यापाशी थांबूया, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील.

'बेंदराच्या आसपास.' आपल्या भागात हे उत्तर सरळ वाटतं. पण बेंदूर कोणता? कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेचा, म्हणजे कन्नड घरांतली कार हुण्णिमे. महाराष्ट्राकडचा बेंदूर आषाढातला. सीमेवरच्या गावांना दोन्ही ओळखीचे, आणि दोन्हींत साधारण चार आठवड्यांचं अंतर. आशाताईंनी स्वतःच्या घरचा बेंदूर धरला आणि समोरच्या बाईच्या मनात दुसरा असला, तर तारीख महिनाभरानं सरकली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी निष्काळजीपणा केला नाही, तरी आकडा चुकला.

हा महिना तुमच्या तक्त्यात काय करतो बघा. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासूनच मोजतात. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. ३६ व्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईची पाळी खरं तर आषाढात आली होती आणि नोंदीत ज्येष्ठ पडला, तर ती ४० आठवड्यांची दिसते. अपुऱ्या दिवसांचं बाळ कागदावर पुऱ्या दिवसांचं होतं. वर त्याचं वजन २,३०० ग्रॅम असेल, तर 'दिवस पूर्ण, पण पोटात वाढ खुंटलेली' असा वेगळाच शिक्का बसतो. उलटी चूक झाली तर धडधाकट बाळ अपुऱ्या दिवसांच्या यादीत जातं. परदेशातल्या भागीदारांकडे पोचते ती फक्त टक्केवारी. तिच्या पोटात बेंदूर आहे हे त्यांना कळायला मार्गच नाही.

पण तुमच्या एका गृहीतकालाही इथे हात घालायला हवा. मावशींनी सांगितलं म्हणून सगळा ढीग बेंदराचाच, असं तुम्ही धरून चालला आहात. महिनाभराच्या चुकीचं दुसरंही एक नेहमीचं कारण असतं. 'शेवटची पाळी कधी आली?' असं विचारलं की कित्येक बाया पाळी चुकली ती तारीख सांगतात. तिथेही फरक चार आठवड्यांचाच पडतो. मग दोन्ही वेगळे कसे करायचे? इथे तुमचं संख्याशास्त्र कामाला येतं, आणि हे काम तुम्ही आज, आहे त्या डेटावर, कुणाच्या दारात न जाता करू शकता.

ज्या बायकांची पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली आहे, तेवढ्या वेगळ्या काढा. त्या काळात गर्भाच्या लांबीवरून काढलेली तारीख साधारण पाच ते सात दिवस इकडेतिकडे, इतकी भरवशाची असते. नोंदलेली पाळीची तारीख आणि सोनोग्राफीवरून मागे मोजलेली तारीख यांतला फरक दिवसांत काढा आणि सात-सात दिवसांच्या खणांत त्याचा आलेख घ्या. चूक विखुरलेली असेल तर शून्याभोवती एकच उंचवटा दिसेल. अठ्ठावीस दिवसांच्या आसपास दुसरा उंचवटा दिसला, तर आलेख महिन्यांप्रमाणे फोडा. 'चुकलेल्या पाळीची' गफलत बाराही महिने दिसते आणि एकाच दिशेनं: नोंदलेली तारीख खऱ्यापेक्षा उशिराची. बेंदराची गफलत फक्त जून-जुलैच्या तारखांत दिसेल, आणि दोन्ही दिशांना. दोन्ही प्रकार सापडले तर दोन्ही आहेत, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एक सावधगिरी: लवकर सोनोग्राफी करणाऱ्या बाया बहुधा रस्त्यालगतच्या, थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या. त्यांच्यावरून मळ्यात राहणाऱ्या किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या बाईबद्दल निष्कर्ष काढताना हात आखडता ठेवा.

आलेखानं उंचवटा दाखवला, मावशींनी त्याला नाव दिलं. नुसता आलेख असता तर तुम्ही त्याला 'मोजमापातली चूक' म्हणून पुढे गेला असता. नुसती मावशींची गोष्ट असती तर ती पन्नासांत एक आहे की पाचांत एक, ते कळलं नसतं. तुम्ही ज्या दोन विषयांत निवड करायला निघाला आहात, ते इथे एकाच कागदावर बसलेत.

आता 'गावगप्पा' या शब्दाबद्दल. तो मनाला लावून घेऊ नका, पण त्याचं उत्तर मात्र जवळ ठेवा. डेटा सायन्सच्या अनेक कोर्समध्ये 'महालनोबिस अंतर' शिकवतात. ते जन्मलं मानवशास्त्रातून. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेसच्या वेळी प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा हिशेब करायला सांगितलं. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती वेगळे, हे मोजता मोजता ते सूत्र घडलं आणि १९३६ मध्ये पक्क्या रूपात छापून आलं. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा जन्म आपल्याच राज्यातल्या हडगलीचा, १९२० चा. ते १९४६ मध्ये केंब्रिजला गेले ते तिथल्या मानवशास्त्राच्या संग्रहालयात, सुदानमधल्या जेबेल मोया इथे सापडलेल्या सांगाड्यांच्या मापांवर काम करायला. पुण्यात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे माणसांची मापंही घेत होत्या आणि नात्यागोत्यांच्या याद्याही करत होत्या. या दोन विषयांमधली भिंत तुम्हाला वाटते तितकी जुनी नाही.

महालनोबिस यांचं आणखी एक काम तुमच्या टेबलाच्या जास्त जवळचं आहे. बंगालमधल्या ताग पिकाच्या पाहणीत त्यांनी एकाच भागाचे नमुने दोन स्वतंत्र गटांकडून घ्यायची पद्धत बसवली. दोन गटांच्या आकड्यांत जो फरक पडतो, त्यात मोजणाऱ्या माणसाचा वाटा दिसून येतो. तुमच्या प्रकल्पात, बहुतेक ठिकाणी असतं तसं, एका कार्यकर्तीकडे ठरलेली गावं असणार. मग एका गावातल्या सगळ्या बाया 'मिश्री नाही' म्हणाल्या, तर ते गावाचं वैशिष्ट्य की विचारणाऱ्या ताईंचं? त्या रचनेत याचं उत्तर निघूच शकत नाही, कितीही मोठं मॉडेल लावा. शंभरातली पाच घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तेवढी शेजारच्या गावच्या कार्यकर्तीला द्या. मग बहुस्तरीय मॉडेलमध्ये गाव आणि विचारणारी व्यक्ती हे दोन वेगळे थर धरता येतील. खर्च म्हणजे काही जादा फेऱ्यांचं गाडीभाडं. आणि हो, प्रत्येक मुलाखतीत बोलणं कोणत्या भाषेत सुरू झालं, ते नोंदवणारा एक रकाना असायलाच हवा. कन्नड फॉर्म, मराठी बाई, मध्ये आशाताईंचं उभ्या-उभ्या भाषांतर, हे आपल्याकडचं रोजचं चित्र. जो प्रश्न छापला आहे आणि जो प्रश्न विचारला गेला, ते दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

मिश्रीचंच घ्या. 'तुम्ही तंबाखू खाता का?' याला 'नाही' हे उत्तर खरं आहे. मिश्री कुणी खात नाही, लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं दातांना लावायची. बाईच्या हिशेबी ते दात घासणं आहे. निकोटीन मात्र हिरड्यांतून रक्तात जातंच, आणि गरोदरपणातल्या अशा तंबाखूचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आहे. देशभरच्या प्रौढ तंबाखू पाहणीत (२०१६-१७) १४.२ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात असं आलं. त्या पाहणीत एकेक पदार्थ नाव घेऊन विचारला होता, हे लक्षात घ्या. म्हणून क्रियापद बदला. 'मिश्री लावता का? तपकीर लावता का? आज सकाळी लावली होती का? दिवसातून किती वेळा?' आणि पान खात असाल तर त्यात तंबाखू असते का, हे निराळं. कन्नड प्रश्न मराठीवरून भाषांतर करून घेऊ नका. कन्नड घरातल्या बायकांना तेच कसं म्हणतात ते विचारून, त्यांच्या शब्दांत बसवा.

इथे कुणी म्हणेल, कशाला एवढं विचारत बसता, लघवीत कोटिनिन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासा, खरं-खोटं कळेल. निपाणीच्या पट्ट्यात तेही सरळ नाही. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात तंबाखू हातातून आणि धुळीतूनही जाते. तिनं आयुष्यात मिश्री लावली नसेल, तरी तपासणीत कोटिनिन दिसू शकतं. प्रयोगशाळेच्या आकड्यालाही बाईचं काम काय, हे माहीत असावं लागतं.

सासू दारात उभी असताना कोणती सून मिश्रीचं कबूल करेल? एकांत मिळत नसेल तर कर्नाटकात एचआयव्हीच्या कामात वापरलेली मतपेटीची पद्धत आठवा. दहा-बारा जणी एकत्र, मधे आडपडदा, प्रत्येकीपुढे आपली पेटी. प्रश्न मोठ्यानं वाचायचा, उत्तराची चिठ्ठी ज्याची त्यानं टाकायची, नाव कुठेच नाही. गटात किती जणी लावतात ते नीट कळतं. मात्र कोण लावते ते कळत नाही, त्यामुळे बाळाच्या वजनाशी एकेकीचा संबंध जोडायला ही पद्धत चालणार नाही. ती फक्त एवढं सांगेल की तुमच्या फॉर्ममधलं 'नाही' किती पोकळ आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर जन्मवजनाचा आलेखही काढा. बरोबर २,५०० ग्रॅमवर सुळका दिसतो का? कमी वजन म्हणजे २,५०० च्या *खाली*. शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणा असलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर २,४६० चं बाळ 'अडीच किलो' लिहिलं जातं आणि कमी वजनाच्या यादीतून सुटतं. यात काटा किती, घाई किती आणि कमी वजन लिहिलं की वरून होणाऱ्या विचारणेची धास्ती किती, ते प्रसूतीच्या खोलीत दोन-तीन रात्री बसल्याशिवाय कळणार नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही, पण जी सीमाभागात सगळ्यात मोठी आहे असं वाटतं, ती: हरवलेल्या बाया. डेटामध्ये 'संपर्क झाला नाही' म्हणून ज्या नोंदी पडतात, त्यांतल्या कितीजणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या असतात? आणि माहेर गडहिंग्लज, कागल, चंदगडकडचं असेल, तर बाई राज्याबाहेर. इकडचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, तिकडे चालत नाही, तिकडची नोंद इकडे येत नाही. बाळंतपण कागल किंवा मिरजेच्या दवाखान्यात झालं, सगळं सुखरूप आहे, आणि तुमच्या तक्त्यात मात्र ती हरवली. अशा नोंदी सरळ गाळून टाकल्या तर नमुन्यात पहिलटकरणी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या जास्त, असा झुकाव येतो. आणि पहिलटकरणींच्या अडचणी वेगळ्या असतात. रिकाम्या जागा सरासरीनं भरून हे सुटत नाही. नोंदणीच्या दिवशीच माहेरचं गाव, तालुका आणि माहेरच्या कुणाचा तरी फोन घ्या. नवऱ्याचा नंबर पुरत नाही. तो पुण्याला किंवा गोव्याला कामावर असतो. 'संपर्क नाही'चे किमान चार प्रकार करा: माहेरी, स्थलांतर, नकार, खरंच माहीत नाही. जवळच्या नात्यातली लग्नं आपल्याकडे बरीच, तेव्हा माहेर म्हणजे मामाचं शेजारचं घरही असू शकतं. 'माहेरी गेली' म्हणजे लांब गेली असं धरू नका.

अशा बाईला दुसऱ्या रजिस्टरमध्ये शोधताना संगणक फसतो तो नावांत. लक्ष्मी, लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा, लक्ष्मक्का ही एकच बाई असू शकते. लग्नात पहिलं नाव बदललेलं असतं. आधारवर माहेरचं, दवाखान्यात सासरचं. नावं जुळवण्याआधी बाई, व्वा, अक्का हे शेवट कापा, पण मूळ नाव वेगळ्या रकान्यात जपून ठेवा. निपाणी आणि निप्पाणी ही दोन गावं होऊ नयेत म्हणून गावाचं नाव टाइप करू देऊ नका, जनगणनेचा गाव-क्रमांक यादीतून निवडू द्या. आणि जुळलेल्या जोड्यांपैकी पन्नास तरी त्या गावच्या माणसाबरोबर बसून तपासा. प्रोग्रामला जे तीन दिवसांत जमत नाही, ते अंगणवाडीच्या ताई चहा निवेपर्यंत सांगतात.

पत्त्याच्या याच घोळाचं खानापूरच्या बाजूचं उदाहरण म्हणजे माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडलेला हा आजार २०१६ च्या सुमारास दोडामार्ग-सत्तरीच्या काजूबागांत काम करणाऱ्यांत दिसला. गोचीड चावते ती बागेत. दवाखान्यात लिहिला जातो तो घरचा पत्ता. नकाशावर ठिपका घराच्या गावी पडला, तर फवारणी भलत्याच ठिकाणी होते. हंगामात कुठे कामाला होता, हे न विचारणाऱ्या फॉर्मवर कितीही सुंदर नकाशा काढला तरी तो चुकीचाच.

तर मग कोर्स कोणता? तुमच्या बाबतीत स्पष्टच सांगावंसं वाटतं: कर्ज काढून वर्षाचा डेटा सायन्सचा कोर्स करू नका. तुमच्याकडे संख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे. जे कमी आहे ते म्हणजे बहुस्तरीय मॉडेल, गहाळ माहितीची हाताळणी, नोंदी जुळवणं आणि केलेलं काम दुसऱ्याला पुन्हा करता येईल असं लिहून ठेवणं. हे 'आर' किंवा पायथॉन या संगणक-भाषांमध्ये, स्वतःच्याच प्रकल्पाच्या डेटावर, रोज तासभर दिलात तर आठ-दहा महिन्यांत येतं. माणसांत बसून ऐकण्याची शिस्त मात्र पडद्यासमोर येत नाही. तिला गुरू लागतो, गाव लागतं, आणि लिहिलेल्या टिपणांवर कुणीतरी लाल रेघ मारावी लागते. त्यासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग जवळचा. पुणे विद्यापीठातही हा विभाग आहे. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचं दूरशिक्षणातलं एम.ए. आहे, फक्त त्यात क्षेत्रकार्याची बाजू तुम्हाला स्वतः जोर लावून भरून काढावी लागेल. ज्यांची पदवी समाजशास्त्राची किंवा एम.एस.डब्ल्यू.ची आहे, त्यांनी मात्र हाच सल्ला उलटा वाचावा: क्षेत्र तुमच्याकडे आहे, आकडेमोड शिका, आणि पहिलं वर्ष चकचकीत यंत्रशिक्षणात (मशीन लर्निंग) न घालवता नमुना निवड आणि प्रतिगमन (रिग्रेशन) पक्कं करा.

'ना इकडची ना तिकडची' ही भीती खोटी नाही. दोन्हीकडची दोन-दोन प्रमाणपत्रं गोळा केलेल्यांचं तसं होतं. स्वतःला दोन कसोट्या लावा. एक: दहा-बारा जणींशी प्रत्येकी पाऊण तास बोलून, त्याच रात्री टिपणं लिहून, दुसऱ्या कुणाबरोबर त्यांचं स्वतंत्र संकेतन (बोलण्याच्या तुकड्यांना विषयांची लेबलं लावणं) करून, कुठे आणि का मतभेद झाला ते सांगता येतं का? दोन: तुमच्या मॉडेलमधला प्रत्येक रकाना गावात कसा भरला गेला, ते सांगून मॉडेलची बाजू मांडता येते का? दोन्ही जमलं तर तुम्ही दोन्हीकडच्या आहात. टिपणांबद्दल एक कळकळीची विनंती. बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत लिहा आणि संकेतनही त्याच भाषेत करा. टॅगेटसारखं फुकट सॉफ्टवेअर देवनागरी आणि कन्नड दोन्ही घेतं. इंग्रजी अगदी शेवटी. दमलेल्या हातानं रात्री अकराला भाषांतर केलं की 'बेंदूर'चा 'जून' होतो, आणि मग तो परत कधीच बेंदूर होत नाही.

हे बोलणं करण्याआधी परवानगी लागते. ओळखीच्या बाया आहेत, मावशी बरोबर आहे, म्हणून संशोधनासाठी मुलाखती सुरू करू नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रकल्पाच्या आराखड्यात दुरुस्ती करून नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागेल. आणि नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं समजू नका. चारशे उंबऱ्यांच्या गावात जात, वय आणि 'तिसरी मुलगी' एवढं एकत्र आलं की बाई कोण ते सगळ्यांना कळतं. तसे रकाने भागीदारांकडे पाठवायच्या फाइलमध्ये एकत्र जाऊ देऊ नका.

वरिष्ठांकडे दुसऱ्यांदा जाताना एक पान घेऊन जा. वर सोनोग्राफीच्या फरकाचा आलेख, खाली दोन ओळींत अर्थ, आणि मागणी अगदी छोटी: पाळीच्या प्रश्नाखाली दोन नवे रकाने. पहिला, 'बाई काय म्हणाल्या, जसंच्या तसं'. दुसरा, 'तारीख कशी ठरवली': नक्की आठवते, कार्डावरून, सणावरून, अंदाजानं. सोबत एका पानाची सणांची तारीखवार यादी, दरवर्षी नवी: दोन्ही बेंदूर, नागपंचमी, गणपती, दसरा, सौंदत्तीची यात्रा, गावची जत्रा. जुनी यादी चालवू नका. गणपती २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला बसले, अधिक श्रावण आल्यामुळे २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. आधी पन्नास फॉर्मवर करून बघू, एवढंच म्हणा. हवं तर बेळगावचाच दाखला द्या. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इथल्या ग्रामीण भागातल्या अभ्यासात १,६२० बायका होत्या. तोंडानं घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. तो आकडा जगानं मानला, कारण रक्त नजरेच्या अंदाजानं न मोजता, बाळंतिणीखाली घालायच्या खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजलं होतं. नजरेचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो, हे आधी ओळखलं गेलं म्हणून. तुम्हीही तेच म्हणताय: आधी मोजमाप बघूया.

जुन्या तारखा बदलू नका, कितीही मोह झाला तरी. मूळ रकाना तसाच ठेवून शेजारी 'सणावरून असण्याची शक्यता' असा खुणेचा रकाना जोडा आणि दोन्ही प्रकारे हिशेब करून निकाल किती हलतो ते दाखवा. कदाचित फारसा हलणार नाही. तेही सांगा.

आणि एक गोष्ट मात्र जपा. त्या पानावर 'आशा कार्यकर्त्या तारखा मनानं भरतात' असं वाक्य येता कामा नये. टॅबवरचा तारखेचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही, 'माहीत नाही' हा पर्याय तिथे नाही. बाई 'बेंदूर' म्हणाली आणि यंत्र आकडा मागतं, मग आशाताईंनी करायचं काय? दोष फॉर्मच्या रचनेत आहे आणि तसंच लिहा, नाहीतर तुमच्या चांगल्या शोधाची किंमत कामागणिक मोबदला मिळणारी मावशी मोजेल, आणि पुढच्या वेळी तुम्हाला कुणी काही खरं सांगणार नाही.

वडिलांना विषयाचं नाव सांगून पटवायला जाऊ नका. 'मिक्स्ड मेथड्स', 'इम्प्लिमेंटेशन रिसर्च' अशा नावांनी निघणाऱ्या आरोग्य प्रकल्पांच्या जाहिराती सहा महिने जमवा, त्यांत काय-काय मागतात ते लिहून काढा, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. कर्जाची रक्कम आणि धारवाडचा दोन वर्षांचा खर्च शेजारी-शेजारी मांडा. प्रवेशाचं यंदाच ठरवायची घाईही नाही. आधी ते पन्नास फॉर्म होऊ द्या.

फॉर्म बदलण्याची बैठक ठरलीच, तर मावशींना किंवा दुसऱ्या एखाद्या जुन्या आशाताईंना तिथे बोलवा. त्या दिवसाचं त्यांचं गाडीभाडं आणि भत्ता आधीच मंजूर करून घ्या, बैठक मराठी-कन्नडमध्ये ठेवा, आणि टॅब त्यांच्याच हातात द्या.